दाढेनं पळवलेली गोळी

औषध अंगात कसं चालतं, याचा कडूबाचा स्वतःचा पक्का हिशेब होता. गोळी वरून टाकली की खाली जाते. पुढे तिला दुखऱ्या जागी पोचवायचं काम माणसाचं. डोकं दुखलं की तो गोळी गिळून बाजेवर उताणा पडे आणि मुंडकं खाली लोंबतं सोडी. पाठीसाठी भिंतीला टेकून बसे. टेंभुर्णी गावात कुणी हसलंच, तर कडूबाला त्याची कीव येई.

आज प्रश्न गुडघ्याचा होता. नातू बुद्धभूषणची वरात निघायची होती. भावकीतली एकही वरात कडूबानं नाचल्याशिवाय जाऊ दिली नव्हती, आणि ऐन घरच्या वरातीला गुडघा रुसून बसलेला. पोराची वरात बसून बघायची, या कल्पनेनंच म्हाताऱ्याला रडू येत होतं. जाफराबादच्या डॉक्टरनं दिलेली गोळी त्यानं जेवणानंतर घेतली आणि दारात ताठ उभा राहिला.

"बसा की जरा," बायको केशरबाई म्हणाली.

"बसलो का मांडीतच अडकंल. सरळ जाऊ दे तिला."

नात साक्षी जालन्याला फार्मसी शिकत होती. तिनं कपाळाला हात लावला. "आबा, गोळी पोटात विरघळते, मंग रक्तात जाते, अन् रक्त साऱ्या अंगात फिरतं. गोळीला तुमचा गुडघा कुठं ठाऊक असतो?"

"ठाऊक न्हाई म्हणूनच वाट दाखवून राह्यलो."

बेंजोवाले अंगणात आले. केशरबाईनं नवऱ्याच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. कडूबानं ते सवयीनं दाढेखाली धरून कचकन फोडलं, आणि त्याचं तोंडच उतरलं. आठवडाभर ठणकणारी दाढ दुखलीच नव्हती!

"घात झाला! दाढेनं खाल्ली माझी गोळी!"

केशरबाईनं तोंडात पदर कोंबला.

"हसती काय? औषध वर चढलं! दुसरी दे, साक्षे!"

"बिलकुल न्हाई. आज एकच."

मग उपाय एकच उरला. कडूबानं ओसरीचा खांब धरला आणि उडी मारली. पुन्हा मारली. धान्य खाली बसावं म्हणून पोतं आपटतात, तसा तो स्वतःला आपटू लागला. बेंजोवाल्यांना वाटलं, आबांनी सुरुवात केली. त्यांनी दणक्यात गाणं धरलं. ताशाही घुसला. कडूबाच्या उड्या आपसूक ठेक्यात पडू लागल्या. खांब कधी सुटला, पायरी कधी उतरली, त्यालाही कळलं नाही. हात वर, धोतराचा सोगा दातात, म्हातारा अंगणाच्या मधोमध!

फेटा सावरत नवरदेव धावत आला. "आबा, गुडघा!"

"थांब रे, आत्ता कुठं उतरून राह्यलंय!"

साक्षी समजवायला पुढं आली, तर आबांनी तिचाच हात धरला. "तू बी मार उडी. जल्दी उतरंल." तिनं हसत हसत मारली. नवरदेवानं मारली. पदर खोचून केशरबाईही आली.

गुडघ्याचं दुखणं मघाशीच गेलं होतं, हे कडूबाला चांगलं कळलं होतं. पण तसं सांगितलं, तर ही सगळी थांबतील अशी त्याला धास्ती होती. आयुष्यात इतकी मजा त्याला कधी आली नव्हती.

"उतरलं का आबा?" साक्षी धापा टाकत ओरडली.

"कुठलं! मांडीपाशीच आलंय अजून," कडूबा म्हणाला, आणि बेंजोवाल्यांना त्यानं आणखी जोरात वाजवायची खूण केली.