काजळाची डबी विमानात बसली तेव्हा

मित्रांनो, आधी जरा मागे सरका. इतक्या जवळून काय न्याहाळता? मी एक जुनी पितळी काजळाची डबी आहे आणि संशय घेणे हाच माझा धंदा आहे. कोणी बाळाला गोड म्हटले की मी सावध होते. हा माणूस नुसता बघतो आहे, की नजर लावतो आहे? एकदा ही सवय लागली की जात नाही, बाप्पा!

आर्वीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. सिंदी मेघेच्या अन्नपूर्णाबाईंनी मला विकत घेतले तेव्हा त्यांचा अनुप पाळण्यात होता. त्या एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताट उपडे धरत आणि जमलेली काजळी लोण्यात खलून माझ्या पोटात भरत. कोणी अनुपचे कौतुक केले की तोंडावर गोड हसत आणि पाहुण्याची पाठ फिरताच पोराच्या गालावर तीट लावत. काय मान होता माझा! मग अनुपला मिशा फुटल्या आणि माझी रवानगी तुटक्या बटणांच्या डब्यात झाली. जिने पोराला नजरेपासून राखले तिला ही वागणूक! मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अनुपला गुंजन झाली तेव्हा मला चिंचेने घासून पुन्हा बाहेर काढले. सून माधवी नर्स. तिने बजावले, "आई, डोळ्यात काजळ घालायचं नाई. गालाले लावा, पायाले लावा." अन्नपूर्णाबाईंनी ते ऐकले, पण स्वतःचाही एक नियम केला. पोरगी तीन वर्षांची होईपर्यंत तिचा फोटो काढायचा नाही आणि फोनवर तिचा चेहराही कोणाला दाखवायचा नाही. हा नियम मला बेहद्द आवडला.

पुढे माधवीला बंगळुरूच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. खोली मिळाली की लेकीला नेऊ, असे म्हणून ती एकटीच गेली. इकडे अनुप आर्वीच्या डेपोत एसटीच्या गाड्या दुरुस्त करायचा. गुंजन उठायच्या आत तो निघायचा आणि ती झोपल्यावर परतायचा. बाप म्हणजे सुट्टीच्या दिवशी दिसणारा एक माणूस, एवढीच तिची ओळख होती. तिचे सारे जग म्हणजे आजी.

शेवटी वर्षभराने खोली मिळाली. गुंजन तेव्हा दोन वर्षांची होती. पण आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले, तिला प्रवास मना. तेव्हा अनुपनेच पोरीला विमानाने न्यायचे ठरले. अन्नपूर्णाबाईंनी मला पिशवीत घातले आणि अनुपला म्हणाल्या, "कोणी गोड म्हटलं का लगेच गालाले तीट लावजो. भुलू नको!" खरे सांगू? माझा अनुपवर काडीचा विश्वास नव्हता. गाडीचे इंजिन उघडणे निराळे आणि रडते लेकरू उचलणे निराळे.

नागपूरच्या विमानतळावर एका शिपायाने मला उघडून हुंगले. "ये क्या है?" त्याचे बोट काळे झाले. बरे झाले! संशय घ्यायचा तर तो मी घेईन, माझ्यावर कोणी घ्यायचा नाही.

विमानात बसल्यावर मात्र गुंजनने आभाळ डोक्यावर घेतले. "आजी! आजी पाह्यजे!" ती अनुपच्या छातीवर लाथा झाडत होती, त्याचे तोंड ढकलत होती. शेजारी रीताताई नावाच्या चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी विचारले, "हिची आई कुठं हाय?"

"बंगलोरले."

"मंग पोरगी तुमच्यापाशी काऊन राहून नाई राह्यली?"

रीताताईंनी हवाई सुंदरीला बोलावले. अनुपने जन्माचा दाखला दाखवला. "कागद काय, कोणाचाही आणता येते," रीताताई म्हणाल्या. हवाई सुंदरी नरमाईने म्हणाली, "सर, बच्ची के साथ कोई फोटो है आपका?"

अनुपने मोबाइल उघडला. रेडिएटर, गिअरबॉक्स, टायर, एका बसचे फुटलेले दार. लेकीचा एकही फोटो नाही! माधवीला फोन लावला, पण ती ड्युटीवर होती आणि तिचा फोन बंद होता. मागून कोणीतरी ओरडले, "उतरवा न याले खाली! पोलिसाले द्या!" दार बंद व्हायची वेळ आली होती. अनुप पुन्हा पुन्हा माधवीचा नंबर लावत होता, आणि पिशवीत मी गार पडले होते. सगळे विमान माझ्याच भाषेत बोलत होते आणि मला ते मुळीच सहन होत नव्हते.

"म्याडम, माझीच पोरगी हाय," अनुप रडवेला होऊन म्हणाला. "मले सांभाळता येत नाई, एवढंच हाय."

हवाई सुंदरीने गुंजनला उचलून घेतले. "कितनी प्यारी है!" ती म्हणाली.

झाले! इतक्या घोळातही अनुपने पिशवीत हात घातला, मला उघडले आणि लेकीच्या गालावर हे एवढे मोठे फरकाटे ओढले. असली गबाळी तीट मी जन्मात पाहिली नव्हती. पण गुंजनचे रडणे थांबले. तिने हुंदका गिळला, आणि आजीपुढे रोज करायची तसा उजवा पाय उचलून बापापुढे धरला. अनुप गोंधळून बघत राहिला.

"तळपायाले लावा न," रीताताईंनीच सांगितले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "रोजची सवय दिसते लेकराले."

अनुपने ठिपका लावला. गुंजनने माझ्यात बोट बुडवले आणि बापाचे नाक काळे केले. मग हात पसरून त्याच्याकडे झेपावली. रीताताई हवाई सुंदरीला म्हणाल्या, "पळवून नेणारा मानूस पोरीच्या नजरेची फिकीर करन का, बाई? बसू द्या त्याले. चूक झाली माझी." आणि दार बंद झाले.

बंगळुरूला माधवी धावत आली. तिने हात पुढे केले. गुंजनने संशयाने तिला खालीवर पाहिले आणि अनुपच्या गळ्यात तोंड लपवले. माधवीचे हात तसेच राहिले.

"मले ओळखतच नाई ती," माधवी म्हणाली आणि तिला रडू फुटले.

"ओळखन," अनुप म्हणाला. "मलेबी तिनं आजच ओळखलं."

मित्रांनो, वाईट नजरेचे मी बघून घेईन. पण लेकरू जागे असताना घरी कोणी आलेच नाही, तर तिथे माझे काजळ काय करणार? तुमच्या आईबाबांना एवढे सांगा, की जरा लवकर घरी या. सांगाल ना? मला तर शंकाच आहे.