मोहाखालचा जाळ

खोटं कशाला बोलायचं, सुमित्राबाईला ते हॉटेल मनापासून आवडलं होतं. सालेकशाच्या पुढं, जंगलातल्या डोंगरावर कुण्या पैसेवाल्यानं बांधलेलं. सुटी सुटी कॉटेजं, वर गवताचं छप्पर आणि आत एसी. दरवाजे मात्र जुन्या घरांमधले आणून बसवलेले, पितळी साखळ्यांसकट, आणि दरीकडची अख्खी भिंत काचेची. गावात ज्याच्या घरावर असं गवत असतं तो घरकुलासाठी ग्रामपंचायतीत चकरा मारून थकतो, आणि इथं लोक त्याच गवताखाली झोपायला गाड्या घेऊन येतात, या विचारानं तिला संध्याकाळभर हसू येत होतं. जेवायला इतके प्रकार होते की ताट कुठून भरावं तेच समजेना.

पण तिचा खरा आनंद वेगळाच होता. आज नात तिच्याजवळ झोपणार होती.

प्रेरणा पाच वर्षांची. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, नागपूरच्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवून, दिवस भरायच्या आधीच झालेली पोरगी. त्यामुळं सून आचल तिला नजरेआड होऊ देत नसे. गावी, मुर्रीच्या घरात आजी असूनही लेकरू एक रात्र आजीच्या कुशीत झोपलं नव्हतं. आचल वाईट नव्हती हो, भांडखोर तर मुळीच नव्हती. तिला फक्त भीती वाटायची, आणि भीतीशी कुणी भांडावं? सुमित्राबाईनं तोंडानं कधी काही म्हटलं नाही, पण आतल्या आत झुरत होती. नवरा मनिराम उन्हाळी धानाला पाणी द्यायचं म्हणून घरीच राहिला होता. पोराच्या, हिमांशूच्या लग्नाचा वाढदिवस होता, म्हणून ही हौस. त्यानंच बायकोची समजूत घातली की दोन रात्री पोरीला आजीजवळ राहू दे, आपण पलीकडच्या कॉटेजात आहोतच. आचलनं पाण्याची बाटली, पांघरूण, औषध, सगळं दोन-दोनदा सांगितलं आणि जाताना दारात थांबली.

"आई, तुमच्या भरवशावर सोडून राहिली मी इले."

"जा बाई बिनघोर," सुमित्राबाई म्हणाली.

पोरगी आजीच्या पोटाशी पाय घेऊन झोपली. तिचा तो गरम श्वास गळ्यावर येत होता, आणि सुमित्राबाईला वाटलं, बस, देवाकडं आता काही मागायचं उरलं नाही.

झुंजूमुंजू झालं आणि तिला जाग आली ती वासानं. मोह गळत होता. तिचं माहेर याच जंगलातलं, लहानपणी टोपली घेऊन भल्या पहाटे मोह वेचायला गेल्याशिवाय चैत्र सरायचा नाही. मुर्रीला दिली आणि ते सगळं सुटलं. आता तो गोड, जड वास नाकात शिरला आणि तिला पडून राहवेना. ती बाहेर आली, दार ओढलं आणि वरची साखळी कोयंड्यात अडकवली. विचार करून केलं असं नाही. लेकरू निजलेलं असलं की बाया बाहेरून साखळी घालतात आणि धानाच्या बांधीवर जातात, नाही तर उठून ते विहिरीकडं जायचं. हिमांशूला तिनं असंच वाढवलं होतं. हाताची सवय ती, हात कुणाला विचारतो?

कॉटेजच्या मागं उतार होता, तारेच्या कुंपणाला एक फाटक, आणि फाटकापलीकडं खाली मोहाचं दांडगं झाड. फुलं टपटप पडत होती, पण पडली की पाल्यात हरवत होती. हाती लागली तेवढी तिनं पदरात घेतली. मग तिच्या मनात आलं, अजून एक रात्र मुक्काम आहे, उद्या पहाटे पोरीला इथं आणायचं. तिच्या इवल्या हातानं वेचू द्यायचं. त्यासाठी जागा साफ पाहिजे. आणि मोहाखालची जागा साफ करायची तर पाला जाळायचा, ही इकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वनखात्याचे लोक दरसाल ओरडतात, लोक दरसाल जाळतात. खोलीतल्या सुगंधी मेणबत्तीजवळची माचिस प्रेरणा खेळायला घेत होती म्हणून तिनं रात्रीच कनवटीला लावली होती. तिनं पाला ओढून ढीग केला, हिरवी फांदी मोडून हातात घेतली, म्हणजे जाळ पसरला की झोडपायला, आणि काडी ओढली.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. जाळ बुटका होता, आज्ञेत होता. मग खालच्या दरीतून वारा उठला.

पेटलेलं एक पान उडून वर उतारावर पडलं. ती तिकडं धावली, झोडपून विझवलं, तोवर मागं दोन ठिकाणी धरलं होतं. सागाची वाळली पानं पापडासारखी कडकडत पेटत होती. तिनं फांदी आपटली, पायानं माती लोटली, पदरातला मोह सांडला. आगीची एक ओळ तिला ओलांडून फाटकाखालून निघाली आणि सरळ वर चढू लागली. तिनं हाका मारल्या. जेवणघराकडं सकाळची गाणी लागली होती, कुणाला ऐकू जाणार?

तिनं वर पाहिलं. काचेच्या भिंतीमागं प्रेरणा उभी होती. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. आजी दिसली म्हणून हसत होती, जाळ पाहून टाळ्या पिटत होती.

सुमित्राबाईनं दोन्ही हात हलवले, बाहेर निघ, बाहेर निघ. पोरगी उलट हात हलवून दाखवू लागली. आणि मग सुमित्राबाईला आठवलं. साखळी. पोरगी निघणार कुठून? साखळी तर आजीनं घातली आहे.

क्षणभर ती नुसती उभी राहिली, आणि त्या क्षणात जाळ आणखी वर गेला. वळसा घालून पायऱ्यांनी जायचं तर फार लांब पडत होतं. समोर जळून काळी झालेली जमीन होती, त्यापुढं जाळाची ओळ, त्यापुढं कॉटेज. ती काळ्या जमिनीवरून निघाली. चप्पल वितळून पायाला चिकटली ती तिनं झटकली. दुखणारा गुडघा, वय, काही आठवलं नाही तिला. एका खडकाजवळ जाळ थोडा पातळ होता, तिथून तोंडावर पदर घेऊन ती पलीकडं गेली. पदर पेटला तो हातानंच चुरगाळला. माय गं, पोरगी, माझी पोरगी, एवढंच तोंडात होतं. वर छपराच्या कडेला गवत धुमसायला लागलं होतं.

दाराशी आली तर आतून प्रेरणाचा आवाज. आता ती हसत नव्हती. धूर आत गेला होता. ती किंचाळत होती आणि दार आत ओढत होती, जिवाच्या आकांतानं. आत ओढल्यामुळं साखळी ताणली गेली होती आणि कोयंड्यातून निघेना. सुमित्राबाईनं दार बाहेर खेचलं, हात घामानं निसटला. पुन्हा खेचलं. ओरडली, दार सोड, सोड म्हणते ना. पोरगी आणखीच घाबरली, आणखीच ओढू लागली. डोक्यावर गवत तडतडत होतं.

तेव्हा सुमित्राबाईनं ओरडणं थांबवलं. कसं जमलं तिलाच माहीत. दाराच्या फटीला तोंड लावून ती रात्री गोष्ट सांगितली त्या आवाजात म्हणाली, "पिल्लू, मी आली ना आता. दाराले हात नोको लावू. आजीजवळ यायचं ना तुले? मंग मांगं जाऊन उभी राहा."

आत हुंदके चालूच होते. पण साखळी सैल पडली. तिनं ती उपसली, दार लोटलं, पोरीला काखेत मारलं आणि पायऱ्यांकडं पळत सुटली. मागं छप्पर भपकन पेटलं.

पुढचं सगळं गोंधळाचं झालं. बागेचे पाण्याचे पाइप आले, हॉटेलची माणसं धावली, अर्धं कॉटेज जळालं तेव्हा कुठं आग आटोक्यात आली. हिमांशू आणि आचल अनवाणी धावत आले. आचलनं पोरीला चाचपून पाहिलं, डोकं, हात, पाय, आणि मग सासूच्या भाजलेल्या पायांकडं तिची नजर गेली. ती सासूच्या गळ्यात पडून रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही नसत्या तं काय झालं असतं, आई," ती म्हणत राहिली. "आता कधीच नाही म्हणणार नाही मी. तुमच्याजवळच झोपू द्या इले, घरीबी."

हॉटेलचा मॅनेजर दुरून हिंदीत सांगत होता की ही खालच्या गावच्या मोहवाल्यांचीच करतूत, हर साल का यही है, आज एकेकाला पकडून देतो. हिमांशू मान डोलावत होता.

प्रेरणा आजीच्या मांडीवर चढून बसली होती, मानेत तोंड खुपसून. तो गरम श्वास पुन्हा गळ्यावर आला आणि सुमित्राबाईला जाळात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. काही न बोलता बसलं तर पोरगी आता तिचीच होती. उद्याही, परवाही. कुणाला काही कळणार नव्हतं. आणि असंच एखाद्या दिवशी, विचार न करता, हा हात पुन्हा काहीतरी करून बसेल.

"मोहवाल्याईले कायले पकडता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "पाला मीच जाळला. अना बाहेरून साखळीबी मीच घातली होती. पोट्टी आत कोंडून मी मोह वेचून राहिली होती."

हिमांशू म्हणाला, आई, गप बस. आचल सासूकडं बघत राहिली. सुमित्राबाईला वाटलं ओरडेल, मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. आचलनं खाली वाकून पोरीला उचलायला हात पुढं केले.

प्रेरणा सोडेना. तिनं आजीचा गळा घट्ट धरून ठेवला होता.

"जा बाई, मायजवळ जा," सुमित्राबाई म्हणाली, आणि तिनं स्वतःच ती इवली बोटं एकेक करून सोडवली.