बाटलीत उरलेले पाणी

प्रयोगाच्या दुसऱ्या खेपेत, पाचव्या दिवशी, उंदरांच्या एका पिंजऱ्यातल्या बाटलीतले पाणी तळाला गेले होते, आणि शेजारच्या पिंजऱ्यातली बाटली निम्म्याहून अधिक भरलेली होती.

दोन्ही बाटल्यांच्या पाण्यात आतड्याला सूज आणणारे द्रव्य सारखेच. भरलेल्या बाटलीत शिवाय तिने, प्रयोग करणाऱ्या संशोधिकेने, घडवलेला रेणू होता. केमोकाइन नावाची प्रथिने सुजेकडे पांढऱ्या पेशींना बोलावतात. ती हाक पेशींना ऐकूच येऊ नये म्हणून त्यांच्यावरचा ग्राहक, म्हणजे हाक टिपणारी खाच, बुजवणारा, चार वर्षे खपून साधलेला लहानसा रेणू. त्या पिंजऱ्यातले उंदीर ठणठणीत होते.

“जावई पाळलेत तुम्ही, मॅडम,” पिंजरे सांभाळणारे काका म्हणाले. “बाटलीला तोंड लावतात नि नाकं मुरडतात.”

ती हसली, आणि हसता हसता थांबली.

उंदरांना औषध खरे तर नळीने, थेट घशातून द्यायचे असते. पण नळी... गेल्या वर्षी आतडे सुजलेल्या धाकट्या भावाच्या नाकातून ती पोटात घालताना तिने त्याचा हात धरला होता, आणि तो, एवढा मोठा दाढीवाला माणूस, तिच्या मनगटात नखे रुतवून म्हणाला होता, “ताई, सांग ना त्यांना, पुरे.” प्रयोगाचा आराखडा करताना ‘पाण्यातून’ असे तिने लिहिले, ते जनावरांना ताण नको म्हणून — निदान कारण म्हणून तिने तेच नोंदवले होते.

आणि पहिल्या खेपेनंतर आलेला त्याचा तो फोन. “तुझे उंदीर काय म्हणतायत?”

“बरे आहेत.”

“मग झालं तर! सर्जनला सांगून टाकलं, महिनाभर माझ्या आतड्याला हात लावायचा नाही. ताईचं औषध येतंय.”

आतडे कधीही फुटू शकते, हे सर्जनने दोघांनाही समोर बसवून सांगितले होते. उंदरापासून माणसापर्यंत दहा वर्षे लागतात, बहुतेक रेणू वाटेतच मरतात, हे तिला पाठ होते; तरी आयुष्यभर इतरांच्या आलेखांत खोट काढत आलेली ती त्या दिवशी एवढेच म्हणाली — “बघू.”

तिने निरोगी उंदरांचे दोन पिंजरे घेतले. दोन्हींकडे सूज आणणारे द्रव्य नसलेले साधे पाणी, फक्त एकात रेणू मिसळलेला. दुसऱ्या सकाळी बाटल्या तोलल्या. साध्या पाण्याची बावीस ग्रॅमने हलकी झाली होती, रेणूची दोनने. मग, जे विद्यार्थ्यांना कधीही करू दिले नसते ते तिने केले: रेणूच्या भुकटीचा एक कण बोटावर घेऊन जिभेला लावला. तोंड कितीतरी वेळ कडूच राहिले.

भावाने मागितलेल्या महिन्यातले एकोणीस दिवस गेले होते. आजवर शंकेचा तिला आधार वाटे. आज शंका घ्यायला काही उरलेच नव्हते. तिने वही ओढली.

‘रेणू कडू आहे. तो घातलेले पाणी उंदीर कमी पितात. त्यामुळे सूज आणणारे द्रव्य पोटात कमी जाते आणि आतडे सुजत नाही. रेणूने काही केल्याचा पुरावा नाही.’

थोड्या वेळाने खाली लिहिले: ‘नळीने औषध दिले नाही, कारण मला ते बघवले नसते.’