साहेबाच्या बंगल्यातले स्पीकर

वॉट विचारून स्पीकर घेणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. बदलापूर गावात माझा मंडप-साउंडचा धंदा आहे, गिऱ्हाईक तोडून चालत नाही, तरी "किती वॉटचा आहे हो?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. अर्थात एकोणनव्वद सालापर्यंत मीही त्यातलाच होतो, हे कबूल करायला हवं.

त्या साली अंबरनाथला एका कारखान्याच्या साहेबाचा जुना बंगला रिकामा झाला आणि त्यातले दोन स्पीकर मला भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसले. कमरेइतक्या उंच सागवानी पेट्या, पुढे सोनेरी कापड. मागची फळी उघडली तर आत बारा इंची कागदी कोन, एवढ्या वर्षांत एक चीर नाही. चुंबक असा की दोन्ही हातांनी उचलावा. कोनाची कड कुणा विलायती कारागिरानं हातानं चिकटवलेली, आणि ती अजून मऊ होती! मी तिथंच खलास झालो. घरी आणून ओटीवर दोन्ही पेट्या चिकटून उभ्या केल्या. बायको, उमा, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आता आपन कुठं बसायचं, ते पन सांगा."

माझी आई, बनूबाई, धवलारीण. आमच्यात लग्नाच्या एकेका विधीला धवलारणीनं धवले गायचे, देवांना बोलवायचं, तेव्हा कुठे तो विधी पुरा होतो. आई ओळ उचलायची आणि तिची जोडीदारीण अंजनीमावशी ती झेलायची. आईचा आवाज उंच, बारीक, तारेसारखा. मावशीचा जाड, खालचा, रिकाम्या कणगीत तोंड घालून बोलावं तसा. चाळीस वर्षं दोघी खांद्याला खांदा लावून गायल्या. त्यांच्यासारखी जोडी पंचक्रोशीत नव्हती, आणि हे मी मुलगा म्हणून सांगत नाही.

वांगणीच्या एका लग्नात मी त्यांचे धवले टेप करून घेतले होते. म्हणजे माईक ठेवला आणि स्वतः लांब जनरेटरशी झटत बसलो, गाणं कानावर पडलंच नाही. हे स्पीकर घरी आल्यावर पहिली कॅसेट तीच लावली. जोडीला मंडपातला अडीचशे वॉटचा अॅम्प्लिफायर, दुसरा होता कुठे?

आई हौसेनं समोर येऊन बसली. स्पीकरमधून तिचा आवाज आला, पण चिरका आणि एकटा. तिनं ओळ टाकली की झेलायला कुणी नाही. लांबून काहीतरी कुजबुज.

"अंजनी कुठं हाय?" आईनं विचारलं.

मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा लावली. आईचा चेहरा उतरत गेला.

"तोंड हलवीत व्हती नुसती. मना एकटीला ओढाया लावलंन."

इथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी पेटीवर थाप मारून म्हणालो, "आये, विलायती स्पीकर हाय. खोटं नाय बोलायचा."

आई उठली ती तडक मावशीच्या दारात. सुनांच्या देखत तिला नको ते बोलली. मावशी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आठच दिवसांत कुळगावहून दौलतरावांच्या नातीच्या लग्नाची सुपारी दोघींना आली आणि दोघींनी परत पाठवली. एकटी गाणार कशी? दौलतराव माझ्याकडे आले, माणूस साधा, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे सदू, तुजी क्यासेट लाव. आता सगलीकरं तेच चाललंय." आई आत तांदूळ निवडत होती. तिनं ऐकलं. एका मंडपात कॅसेटवर काम भागलं की पुढच्या मंडपात धवलारणीला कोण बोलावणार, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

त्याच आठवड्यात मी सहज तबल्याची एक कॅसेट लावली. तबला कडाकड वाजत होता, पण डग्गा नाही. मी कान पेटीला लावला. एवढं मोठं पोट असलेली पेटी, आणि डग्गा गिळून टाकते? दोन्ही पेट्या टेम्पोत टाकून मी उल्हासनगर गाठलं.

कॅम्प दोनमध्ये टेकचंद अॅम्प्लिफायर बनवायचे. सत्तरीचा सिंधी म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा, आणि दुकान इतकं अरुंद की पाय पसरले तर रस्त्यावर. कान मात्र असे की बाजारातल्या गोंगाटात ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ओळखायचे. त्यांनी कोनावर तळहात टेकला, बोटांनी अलगद दाबून पाहिला.

"वाह! ये तो राजा आदमी है, सदू. इसको खिलाता क्या है?"

"अडीचशे वॉट," मी म्हणालो. तेव्हा थोडा अभिमानही होता.

टेकचंदनी कपाळावर हात मारला. "अरे, वो तो भोंगे का अॅम्प्लिफायर! ये दस वॉट में पेट भरनेवाला स्पीकर है. तू उसको डंडा मारता है."

त्यांनी फळीवरून एक जुना व्हॉल्व्हचा स्टिरिओ अॅम्प्लिफायर काढला, दोन्ही बाजूंना दहा-दहा वॉटचा. त्याच्या मागे तारा जोडायला चार, आठ, सोळा ओहमच्या खुंट्या होत्या. माझ्या स्पीकरच्या पाठीवर पुसट पंधरा ओहम लिहिलेलं त्यांनी भिंगाखाली वाचलं. "सोलावाली खूंटी. यही इसकी जोड़ी है. लगा." मी तारा जोडल्या, तबल्याची कॅसेट लावली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले आणि तबला असा स्वच्छ वाजला की बोटाचं नख कातड्याला लागलेलं कळावं. दहा वॉटमध्ये! मी बारा वर्षं लोकांच्या कानांवर दगड फेकत होतो, असं मला वाटलं. पण डग्गा अजून नव्हता.

टेकचंद स्पीकरकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते. "तार कैसे लगाया?"

कशी म्हणजे? मंडपात लावतो तशी. मंडपात दोन भोंगे बांबूला पाठीला पाठ लावून बांधायचे, एकाचं तोंड गावाकडे, दुसऱ्याचं शेताकडे. कुठली तार कुठल्या खुंटीला, हे आमच्या धंद्यात कोण बघतं?

त्यांनी खिशातून बॅटरीचा सेल काढला आणि तारांना टेकवला. एका पेटीचा कोन बाहेर आला. दुसरीचा आत गेला.

"देखा? एक आगे, दूसरा पीछे. दोनों झगड़ते हैं, और झगड़े में मोटा आवाज मर जाता है. पतला बच जाता है."

एका पेटीच्या दोन तारांची त्यांनी अदलाबदल केली. डग्गा घुमला, आणि फळीवरचे चहाचे ग्लास किणकिणले. टेकचंद डोळे मिटून मान हलवत होते. एरवी मीही नाचलो असतो. पण जाड आवाज मरतो म्हणजे कुणाचा मेला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला मान वर करवेना.

टेकचंदनी तो अॅम्प्लिफायर माझ्या टेम्पोत घातला. घरी येऊन मी तारा तीनदा तपासल्या आणि वांगणीची कॅसेट लावली. आईनं सुपातून वर पाहिलं नाही. तिची ओळ वर गेली, आणि खालून मावशीचा आवाज आला. भरडा, रुंद, प्रत्येक ओळ शेवटपर्यंत धरून ठेवणारा. त्याच्या आधारावर आईचा आवाज किती सुरेख चढत होता! आईचे हात थांबले. तिनं पूर्ण धवला ऐकला, सूप बाजूला ठेवलं आणि चपलाही न घालता निघाली. मी मागोमाग, तार उलटी लागली होती हे सांगत.

मावशी दारातच बसली होती.

"अंजने, चुकलं माजं," आई म्हणाली. "सदूनं तार उलटी लावलेली. आता तुजा आवाज येतंय. मोप येतंय."

मावशीनं तिच्याकडे नीट बघितलं. "यंत्र बोललं तवा मी खोटी. आता यंत्र बोललं म्हनून मी खरी. बनू, मी तुज्या खांद्याला लागून उभी व्हते. तुजं कान काय बोललं व्हतं?"

"मावशी, चूक माजी हाय," मी म्हणालो, तर मावशीनं हातानंच मला गप्प केलं. आई उभीच होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

मग मावशी उंबऱ्यावर थोडी सरकली. आई बसली. आणि मावशीनं स्वतः ओळ उचलली, चाळीस वर्षं आईनं उचललेली, पण आपल्या खालच्या पट्टीत. ती झेलायला आईला खूप खाली यावं लागलं. तिथं तिचा आवाज पोचेना, दोनदा फुटला. दोन्ही वेळा मावशी थांबली, आणि तीच ओळ तिनं आईसाठी पुन्हा म्हटली.