टपावरचे दांडे

तनुजाला किनवटच्या निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून नेमणूक मिळाली तेव्हा लातूरच्या घरात पेढे आले, आणि पेढे संपायच्या आत प्रश्न उभा राहिला की सामान न्यायचं कसं. गाडी होती. भागवतनं गेल्या दिवाळीत घेतलेली, आधी एका डॉक्टरनं वापरलेली छोटी पांढरी गाडी. पण ती गॅसवर चालायची, आणि डिकीत गॅसची टाकी अशी ऐसपैस बसली होती की तिच्याशेजारी पिशवी ठेवायची तर पिशवीनंच अंग चोरावं. ट्रंक, गादी, घडीची खाट, शेगडी, हे सगळं टपावरच जाणार होतं. आणि टप तर बोडका.

"टेम्पो सांगू," भागवत म्हणाला.

"एका खाटेसाठी टेम्पो? कॅरियर बसवून घेऊ. पुढंबी कामाला येईल," तनुजा म्हणाली.

भागवत गप्प बसला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून माणूस जसा अबोल होतो, तसा तो होता. तनुजानं त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला.

बार्शी रोडला आसिफचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. दारात सीटकव्हरं लटकलेली, आत काचेवर लावायच्या जाळ्या, मोबाईलचे स्टँड, वासाच्या बाटल्या, आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले नाना तऱ्हेचे कॅरियर.

"भाभी, हे बघा," आसिफनं एक मोठी लोखंडी जाळी ओढून पुढे आणली. "यात अख्खं घर बसतंय. पण वजन लई आहे, आणि गाडी वारा खाते. तुमच्या गाडीला हे दोन दांडे बेस्ट. दरवाज्याच्या खाचेत पकडी बसतात, भोक पाडायचं काम नाही, खाली रबर, रंग खरवडत नाही. नको तेव्हा काढून ठेवा."

तनुजानं दांडे हातात घेऊन पाहिले. ॲल्युमिनियमचे, चपटे, हलके. तिला ते आवडले. सोबत तिनं एक ताडपत्री घेतली, हुकाच्या रबरी दोऱ्या घेतल्या, आणि सासूबाईंच्या बाजूला ऊन लागू नये म्हणून खिडकीची जाळी घेतली. सासूबाई तुळजाबाई, त्यांना ती आत्या म्हणायची, गाडीत येणार असं अजून ठरलं नव्हतं. तरी घेतली.

भागवत दुकानाबाहेर गाडीला पाठ करून उभा होता.

आसिफनं पाना फिरवून दांडे आवळले. मग दोन्ही हातांनी एक दांडा धरून असा हिसका दिला की सगळी गाडी झुलली. "झालं बघा, भागवतभाऊ. आता वर माणूस बसला तरी हालायचं नाही."

भागवतनं मान वळवली. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि जून असला तरी सावलीत तेवढं काही उकडत नव्हतं. "जास्तीत जास्त सामान बसतंय," तो म्हणाला. "माणूस कशाला?"

घरी आल्यावर तुळजाबाई गाडीजवळ आल्या. त्यांनी हात वर करून पुढचा दांडा धरला, बोटं त्यावरून या टोकाहून त्या टोकाला फिरवली. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. "मी बी येते पोरीला सोडायला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी भागवतनं तनुजाला सांगितलं. सासरे बेपत्ता आहेत हे तिला माहीत होतं. लग्नाच्या पत्रिकेत शेषेरावांचं नाव असंच छापलं होतं, साधं, आधी ना 'कै.' ना 'श्री.' लावता. कसे बेपत्ता झाले ते मात्र या घरात कुणी बोलत नसे.

"माहूरला चाललो व्हतो सगळे, देवीला," भागवत म्हणाला. "औशाकडच्या आमच्या गावातून जीप केलेली. मी लहान, मायच्या मांडीवर. वाटंत एक दिवस गेलेली बाई चढली. आबांनी तिला आपली जागा दिली आन् स्वतः टपावर चढले. वर ते एकटेच, बाकी सगळ्यांची गाठोडी. इस्लापूरला जीप चहाला थांबली तव्हा त्यांनी वरून हात खाली केला, मला शेंगदाणे दिले. तिथून पुढं किनवटपस्तोर गाडी कुठंच थांबली न्हाई. किनवटला पाहिलं तर टपावर गाठोडी हायेत, आबा न्हाईत."

"पडले?"

"सगळं जंगल पालथं घातलं. रक्त न्हाई, चप्पल न्हाई, कायबी न्हाई. पडलेला माणूस कुठंतरी सापडतो ना?" त्यानं बाहेरच्या गाडीकडं पाहिलं. "मायनं कुंकू पुसलं न्हाई. भाऊबंद लई बोलले. तिनं कुणाचं ऐकलं न्हाई."

"मग दुकानात तुम्ही बोलला का नाही? टेम्पो केला असता."

"काय बोलू? टपाला भितो म्हणून सांगू?"

पहाटे निघाले. ट्रंक आणि खाट खाली, त्यावर गादी, वरून ताडपत्री, दोऱ्या ताणून बसवलेल्या. शहर सुटून गाडीनं वेग घेतला तशी वरून शीळ ऐकू यायला लागली. बारीक, लांब, मधेच खालच्या सुरात उतरणारी. दांड्यांवरून वारा जाताना असा आवाज येतो, सुतळी गुंडाळली की कमी होतो, असं आसिफनं सांगितलं होतं. भागवतनं अहमदपूरला थांबून सुतळी गुंडाळली. शीळ कमी झाली नाही.

नांदेडजवळ गॅस भरायला पंपावर थांबले. पंपावरच्या माणसानं नेहमीप्रमाणे सगळ्यांना खाली उतरवलं. तुळजाबाई गुडघे धरत उतरल्या. तनुजा उतरली. त्या माणसानं नळी हातात घेतली, वर पाहिलं आणि म्हणाला, "आन् ते बाबा? त्यांना बी उतरवा की. टपावर माणूस बसवून गॅस भरता येत न्हाई."

"वर कोण हाय?" भागवत म्हणाला. "गादी हाय ती."

माणूस दोन पावलं मागं सरला. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यानं पाहिलं. ताडपत्री उन्हात चकाकत होती. "आत्ता तर..." तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं. "ऊन लई हाय आज." मग तो वाकून गॅस भरायला लागला. पूर्ण भरेपर्यंत त्यानं एकदाही मान वर केली नाही, आणि गाडी निघाली तरी तो पाठमोराच उभा राहिला.

तनुजानं आत्यांकडे पाहिलं. त्या खिडकीच्या जाळीतून बाहेर बघत होत्या, जणू काही घडलंच नाही.

भोकर फाट्याकडे रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या. पानं हालत नव्हती. वारा नव्हताच, आणि खड्ड्यांमुळं गाडीही बैलगाडीच्या चालीनं चालली होती. वरची शीळ मात्र चालू होती. भोकर गेलं आणि तुळजाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"भागवत, सावकाश घे बाबा. वर वारं लई लागतंय."

भागवतनं वेग कमी केला, हे तनुजानं काट्यावर पाहिलं.

हिमायतनगर मागं पडलं. इस्लापूरला भागवत चहाला थांबला नाही. गाव संपलं आणि सागाचं जंगल सुरू झालं. अजून पाऊस नव्हता. झाडं निष्पर्ण, खाली वाळलेल्या पानांचा थर, आणि भर दुपारचं पांढरं ऊन. रस्त्यावर पुढं मागं गाडी नव्हती. तनुजाला वाटलं, आपल्या गाडीचा आवाज जरा जास्तच जड येतोय. चढ नसताना भागवतला गियर खाली घ्यावा लागत होता.

थप. थप.

हाताच्या पंजानं पत्र्यावर मारावं तसा आवाज. सामानाकडून नाही, पुढून, बरोबर भागवतच्या डोक्यावर, जिथं वर काहीच बांधलेलं नव्हतं. जीपच्या टपावर बसलेला माणूस उतरायचं असलं की असंच थोपटतो, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. भागवतचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

गाडी थांबली. क्षणभर काही झालं नाही. मग गाडी डाव्या अंगाला कलली, आणि सगळी गाडी हलकेच वर उचलली गेली, जशी एखादा जडसा माणूस उतरल्यावर उचलली जाते. शीळ थांबली होती.

"दार उघड," तुळजाबाई म्हणाल्या.

"माय, खाली उतरू नको."

त्यांनी स्वतःच दार उघडलं. तनुजा त्यांच्या मागं उतरली, कारण त्यांना एकटं सोडणं तिच्यानं होईना.

रस्त्याच्या कडेला एक बाई सरपणाचा भारा खाली ठेवून बसली होती. तिला पाहून तनुजाला एवढं हायसं वाटलं की ती जवळजवळ हसलीच. बाईनं स्वतःहून विचारलं, "कुठल्या गावच्या तुमी?"

"लातूरच्या," तनुजा म्हणाली. "किनवटला चाललोय. तुम्ही इथल्याच का?"

"हाव. कोंडाबाई. वाडीवर राहते, तिकडं." तिनं रस्त्याच्या उजवीकडं हात केला. मग डावीकडं, जंगलात, मान उडवली. "त्याला हाक मारा. तिकडं वाट न्हाई. म्हातारं माणूस, उन्हाचं कुठं चाललंय?"

तुळजाबाई बाईच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हातारा म्हणलीस?"

"आता टपावरून उतरला न्हाई का तुमच्या? त्योच."

"म्हातारा व्हता? का तरणा?"

"आगं म्हातारा. मिशा पांढऱ्याफेक. कमरंतून जरा वाकलेला." कोंडाबाईला हा प्रश्न विचित्र वाटत होता. "तुमचाच माणूस ना, बाय?"

तुळजाबाई झाडांकडं चालू लागल्या, पहिल्या सागापर्यंत गेल्या, खोडाला हात लावून थांबल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी घरात हाक मारावी तशीच हाक मारली.

"अवं!"

जंगल ऐकत असल्यासारखं गप्प झालं. मग आत, नजर पोचणार नाही एवढ्या आत, वाळल्या पानांवर पाय वाजले. घाईचे नव्हते. ओळखीच्या वाटेनं माणूस घरी जातो तसे एका लयीत वाजत गेले, बारीक होत गेले, आणि थांबले. तनुजानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. मागं गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या भागवतनंही ऐकलं असणार, कारण त्यानं तोंडावर हात धरला होता.

"रोही असंल, न्हाईतर डुक्कर," कोंडाबाई म्हणाली, पण तिनं आपला भारा उचलला आणि मागं न बघता रस्ता ओलांडून निघून गेली.

तनुजानं आत्यांचा दंड धरला. तिला वाटलं, त्या आता कोसळतील. तुळजाबाईंचे डोळे भरले होते, पण चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता असा उजळला होता.

"ऐकलीस का?" त्या म्हणाल्या. "मिशा पिकल्या त्यांच्या. मी समजत व्हते पडले, जनावरानं नेलं, कुठं तडफडले असतील. रोज तेच दिसायचं मला, पोरी. तरणेताठेच दिसायचे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "कंबर वाकली म्हणं. म्हंजी जगले की."

"आत्या, ते... ते माणूस होतं का?"

"मला काय ठावं?" तुळजाबाई म्हणाल्या. "चल. वसतिगृहातल्या पोरी वाट पाहत असतील."

किनवटपर्यंत वरून शीळ आली नाही, गाडी वाऱ्यासारखी पळाली. वसतिगृहाच्या अंगणात मोठ्या मुली सामान उतरवायला धावल्या. भागवत एका बाजूच्या दोऱ्या सोडत होता, दुसऱ्या बाजूनं तनुजा गाडीच्या दाराच्या कडेवर पाय देऊन चढली. ताडपत्री उन्हानं एवढी तापली होती की हात ठेववत नव्हता. तिच्या मधोमध, गादीवर, एक खळगा पडलेला होता. तिनं नको नको म्हणत त्यात तळहात ठेवला.

तेवढीच जागा गार होती. कुणीतरी तिथं सावली धरून बसलं असावं, अगदी आत्तापर्यंत, तशी गार.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. मुलींनी गादी उचलली, खळगा मोडला.

तुळजाबाई चार दिवस राहते म्हणाल्या आणि राहिल्या. भागवत दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. लातूरला पोचल्यावर त्यानं फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला, दुकानाचं, घरातल्या नळाचं. मग म्हणाला, "तिथं थांबलो व्हतो मी."

"कुठं?" तनुजानं विचारलं.

"त्या जंगलात. गाडी बंद केली. डाव्या बाजूचं दार उघडलं. म्हणलं, आबा, आता आत जागा हाय. टपावर कशाला बसता, आत या." तो म्हणाला. "लई वेळ उघडं ठेवलं. पानं वाजली मधे एकदा. पण कोणी आलं न्हाई. मग दार लावून घेतलं."

तनुजानं फोन ठेवला तेव्हा तुळजाबाई पायरीवर बसून मुलींसाठी मेथी निवडत होत्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली जुडी मोडली, मातीनं भरलेली मुळं बाजूला टाकली, आणि पानं ताटात टाकत राहिल्या.

"न्हाई यायचे ते," त्या म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं. राग होता, अगदी जवळच्या माणसावर येतो तसला. "त्यांना तिथंच करमलं."