कुमारच्या गाडीचा डावा शॉकअप

मित्रांनो, अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजमागे भंगाराचा ढीग आहे. त्यात तेल गळून चिकट झालेला, गंजका असा एक शॉकअप पडलेला दिसेल. तो मी. मोटारसायकलचं मागचं चाक ज्या दोन स्प्रिंगवाल्या नळ्यांवर तोललेलं असतं, त्यांतला डावा मी आणि उजवा माझा जुळा भाऊ.

चाकणच्या कारखान्यात आमचा जन्म झाला. कुमार नावाच्या सोलापूरच्या तरुणाने शर्यतीच्या गाडीसाठी आम्हाला विकत घेतलं. शर्यत सरळ पट्ट्यावरची. दिवा हिरवा झाला की गाडी सुटायची आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं संपायचं. त्यामुळे पहिल्या क्षणी गाडी कशी सुटते, यावरच हारजीत ठरायची.

आम्हाला बसवलं तरी कुमार हरतच होता. मग याच गॅरेजात, म्हणजे जोतीरामच्या गॅरेजात, शिवलीलाने आमच्याकडे लक्ष दिलं. ती जोतीरामची धाकटी बहीण, दोघं मूळची मैंदर्गीची. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली आणि पाहता पाहता कामात त्याच्याही पुढे गेली.

"गाडी सुटताना सगळं वजन मागं येतंय," ती कुमारला म्हणाली. "शॉकअप मऊ असला की मागची बाजू बसती आन् पुढचं चाक उचलतंय. लई कडक असला की टायर जागेवरच फिरतंय. आन् दबून झटक्यानं वर आला, तर टायरची पकडच सुटती. तुमचं हितंच चुकतंय की."

तिने माझ्या दांड्यावर एक रबरी कडं सरकवलं. मी किती दबतो ते त्यावरून कळायचं. गाडी सुटतानाचं चित्रण मोबाइलवर संथ करून ती पुन्हा पुन्हा पाहायची, आणि मी किती वेगाने वर येतो ते ठरवणारा माझ्या तळाचा स्क्रू टक् टक् करत एकेक घर फिरवायची. जितकं मला, तितकंच भावाला. तीन आठवड्यांनी एका सकाळी गाडी सुटली, आम्ही दोघे हवे तेवढेच दबलो, सावकाश वर आलो आणि टायर रस्त्याला चिकटून राहिला. शिवलीला एकटीच टाळ्या वाजवत होती. तिने आम्हा दोघांच्या स्क्रू आणि नळीच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि बजावलं, "ह्याला आता कुणी हात लावायचा न्हाय."

त्यानंतर कुमार लागोपाठ चार शर्यती जिंकला. चषक हातात घेऊन म्हणायचा, "सेटिंग माझं सोताचं हाय." शिवलीला मागे पाना घेऊन उभी असायची. मला राग यायचा. तिला आला असला तर तिने दाखवला नाही.

मग शहराबाहेरच्या मैदानावर मोठी स्पर्धा झाली. अंतिम फेरीआधी कुणीतरी कुमारच्या कानात सांगितलं की स्क्रू मोकळा केला की गाडी आणखी उसळते. शिवलीला पाणी आणायला गेली होती. कुमारने घाईघाईने माझा स्क्रू चार घरं फिरवला. तेवढ्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला. भावाला हात न लावताच तो गाडीवर बसला.

दिवा हिरवा झाला. मी झटक्याने वर उसळलो, भाऊ मागे राहिला. चाक तिरपं झालं, टायर सुटला, गाडी आडवी झाली. कुमारच्या खांद्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर झोपवलेला असताना तो सगळ्यांसमोर ओरडला, "हिनं सेटिंग बिघडवलं! बाईच्या हातात गाडी दिली, हीच चूक!"

गॅरेजात आल्यावर शिवलीलाने मला खोललं.

"दादा, हितं बघ. उजव्याची खूण जागच्या जागी हाय. डाव्याची चार घरं सरकलीया. मी केलं असतं तर दोनी सारखी केली नसती व्हय?"

जोतीराम वाकला. त्याने ठिपका पाहिला, अंगठ्याने वरची धूळ पुसून पुन्हा पाहिला.

"दिसतंय मला," तो हळूच म्हणाला. "पर आता गप बस. कुमारनं तोंड फिरवलं तर शर्यतीची पोरं दुसऱ्या गॅरेजात जातील. त्याला खोटं कोण पाडणार?"

"तू पाड की. तू माझा भाऊ हायेस."

जोतीराम हात पुसत बाहेर गेला. महिनाभर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "गाडीला ती बाई हात लावत न्हाय न्हवं?" आणि जोतीराम म्हणायचा, "न्हाय न्हाय, मीच करतो." ती आत बसून ऐकायची. एका सोमवारी तिने पाने पुसून खणात ठेवले आणि पुण्याची गाडी पकडली. तिथे ती एका शोरूममध्ये गाड्या धुते, असं जोतीरामच्या बायकोच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. कुमारने नवे शॉकअप घेतले. आम्हाला इथे फेकलं. गेल्या पावसाळ्यानंतर भाऊही भंगारवाल्याने उचलून नेला.

मित्रांनो, गाडीची निगा राखा. शॉकअपमधलं तेल अडवणारं सील गळायला लागलं तर वेळीच बदला, आणि दोन्ही बाजू नेहमी सारख्या ठेवा. पण ज्या माणसाच्या हातांनी तुमची गाडी धावते, त्याच्यावर आळ आला तर आधी वाकून नीट पाहा. आणि जे दिसेल ते चार लोकांत बोला. मला तोंड नव्हतं. जोतीरामला होतं.