अर्ध्या फेऱ्याच्या पुढे

रॉकर लावायला बसले की भाऊजी डोळे मिटून घेत. इंजिनाचं झाकण बाजूला काढलेलं, आत व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची रांग, आणि भाऊजींच्या चिमटीत पुशरॉड, म्हणजे तिला खालून उचलणाऱ्या लिफ्टरपासून वरच्या रॉकरपर्यंत पोचणारी बारीक सळई. डाव्या हाताने ती गोल फिरवत राहायचं, उजव्या हाताने रॉकरचा नट आवळत जायचा. सळई जरा कुठे जड लागली, खालून कुणी हळूच धरल्यासारखी, की थांबायचं. तिथून पुढे अर्धा फेरा. लिफ्टरवर तेवढा दाब पुरतो. नट सैल राहिला तर इंजिन टिकटिक करतं, फार आवळला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि इंजिनातला दमच जातो.

"याला काही मोजमाप नसतं का?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं.

"असतं की!" टिवल्या लांबून ओरडायचा. "भाऊजींच्या बोटात असतं. पण हळू बोला, भाऊजी झोपलेत."

टिवल्या हा भाऊजींचा मेहुणा, ताईचा धाकटा भाऊ. केस पिकले तरी टिवल्याबावल्या सुटल्या नाहीत, म्हणून हे नाव. गॅरेजमध्ये त्याच्याकडे ब्रेक, बेल्ट, प्लग असली कामं. उरलेल्या वेळात उपद्व्याप. दाराच्या मुठीला आतून ग्रीस फास, डुलकी लागलेल्या ड्रायव्हरच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांध. लोक शिव्या द्यायचे आणि हसायचे. हसले की टिवल्याचं पोट भरायचं.

एकदा भाऊजी रॉकर लावून हात धुवायला गेले. झाकण अजून उघडंच. टिवल्याच्या हाताला खाज सुटली. त्याने एक नट पूर्ण एक फेरा उलटा फिरवला आणि शीळ वाजवत बाजूला झाला. भाऊजींनी येऊन झाकण लावलं, गाडी चालू केली. टिक, टिक, टिक.

"भाऊजी, शिवणयंत्र बसवलंत की काय आत?"

सगळं गॅरेज फिसकन हसलं. भाऊजीही हसले. "सुटला वाटतं एक," म्हणाले आणि परत झाकण उघडायला बसले.

टिवल्या संध्याकाळी सांगणारच होता. पण मजा अशी आली होती की आणखी एकदा करू आणि मग सांगू, असं त्याने ठरवलं. पुढच्या गाडीला परत तेच केलं. त्याच्या पुढच्या गाडीलाही. प्रत्येक वेळी भाऊजी कमी कमी हसले, आणि टिवल्याच्या ते लक्षातच आलं नाही, कारण तो बाकीच्यांच्या तोंडाकडे बघत होता.

लक्षात आलं ते ताईच्या स्वयंपाकघरात. ताई भांडी विसळत होती. "अरे, यांना काय झालंय? जेवताना चमचा चिमटीत धरून फिरवत बसतात. परवा माझी विणायची सुई घेतली आणि डोळे मिटून फिरवत होते. मला म्हणाले, बोटं मेलीत गं माझी."

टिवल्याला ते उलटे फिरवलेले नट आठवले. पण तोंडाने तो म्हणाला, "वय झालं की होतं गं." आणि हे बोलून तो घरी गेला. नंतर त्याला नट फिरवल्यापेक्षा या वाक्याचीच जास्त लाज वाटायची.

त्यात आली शववाहिका. जुनी, लांबलचक, ताकदीच्या इंजिनाची. तिला टिवल्याने बोट लावलं नाही. त्या दिवशी तो शहाण्यासारखा टायर बदलत होता. पण भाऊजींचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. सळई जड लागली ती खरंच जड लागली की भास, कळेना. गाडी वाजली तर परत हसं होईल. म्हणून त्यांनी प्रत्येक नटाला अर्ध्या फेऱ्याच्या वर आणखी एक फेरा दिला. गाडी चालू झाली, गुपचूप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शववाहिकेचा ड्रायव्हर आला. आडव्या बांध्याचा, कायम सुतकी चेहऱ्याचा माणूस.

"चढावर गेली हो," तो म्हणाला.

"गेली म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"तापली, धडधडली आणि मेली. मागे म्हातारबाबा झोपलेले. माणसं रडत होती, ती उतरली आणि धक्का मारायला लागली. थोरला लेक पुढे. बापाला ढकलत नेलं पोरांनी."

एरवी हे ऐकून टिवल्या जमिनीवर लोळला असता. त्याने मान खाली घातली आणि हातातला बोल्ट पुसत बसला. चांगला स्वच्छ बोल्ट होता.

भाऊजी त्याच संध्याकाळी त्या म्हातारबाबांच्या घरी जाऊन आले. हात जोडले, सांगितलं, माझ्या हाताचा दोष. परत येऊन ताईला म्हणाले, "आता इंजिन उघडायचं नाही. पंक्चर काढू, ऑइल बदलू. हत्यारं कुणाला तरी देऊन टाकतो."

मग मात्र टिवल्याला राहवेना. जेवणाच्या टेबलाशी उभा राहून त्याने सगळं सांगून टाकलं. कुठली गाडी, कुठला नट, किती फेरा.

भाऊजींनी ऐकून घेतलं आणि टिवल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं मन राखायला खोटं बोलतोस होय रे?"

"अहो, शपथ! ताईची शपथ!"

"माझी शपथ घेऊन काल मला सांगत होतास, नळातून मासा आला म्हणून," ताई म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते. "असू दे. कधी नव्हे ते चांगल्यासाठी थाप मारलीस."

आयुष्यभर थापा पचल्या, आणि एकदाच खरं बोलला ते पचेना. टिवल्या रडकुंडीला आला. कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. इथे त्याला वर पोळीवर तूप वाढलं जात होतं.

शेवटी त्याने भाऊजींच्या मागे लकडाच लावला. "शववाहिका तेवढी तुम्हीच नीट करून द्या. मग हत्यारं हवी तर नदीत टाका." भाऊजींनी हत्यारांची पेटी उघडली, परत मिटली. मग म्हणाले, "बरं. शेवटची."

सकाळभर ते त्या इंजिनावर वाकले होते. सगळे नट सैल करून पहिल्यापासून लावले. संपल्यावर उठले. "जेवून येतो. आल्यावर झाकण लावू."

ते कोपऱ्यावरून वळले आणि टिवल्या धावला. इंजिन हाताने फिरवत, एकेक रॉकर मोकळा आला की तो तपासू लागला. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसराही. बोटं मेलेल्या माणसाचं काम हे नव्हतं. टिवल्या मनातल्या मनात नाचायला लागला. आणि शेवटून दुसरा हातात डुगडुगला. अगदीच सैल. म्हणजे खरंच गेली की काय बोटं? आपण चेष्टा करत राहिलो आणि चेष्टेचं खरं झालं?

कुणाला कळायचं कारण नव्हतं. त्याने सळई चिमटीत धरली, फिरवली, जड लागेपर्यंत नट आवळला, वर अर्धा फेरा दिला.

भाऊजी आले. झाकण लावलं, गाडी चालू केली. इंजिन लोण्यासारखं चालत होतं.

"बघा!" टिवल्या ओरडला. "आवाज आहे का कुठे? बोटं शाबूत आहेत तुमची!"

भाऊजी हसले नाहीत. झाकणाला कान लावून उभे राहिले. मग गाडी बंद केली.

"शेवटून दुसरा वाजायला हवा होता," ते म्हणाले.

"का बरं?"

"मी मुद्दाम सैल ठेवला होता."

टिवल्याने ग्रीसने माखलेली बोटं पाठीमागे नेली.

"तू शपथेवर सांगत होतास. तेव्हा वाटलं, बघू तरी, मी पाठ फिरवल्यावर हा हात घालतो का." भाऊजींनी झाकण काढलं, टिवल्याने लावलेल्या रॉकरची सळई चिमटीत धरली, डोळे मिटले. "बरोबर लावलायस. अगदी बरोबर. म्हणजे येतं तुला. आणि आधीही तूच हात घातला होतास, हेही खरं."

"भाऊजी, शिव्या द्या ना."

"देईन. आत्ता सुचत नाहीत." त्यांचा आवाज चढलाही नव्हता. "मी रात्र रात्र हाताकडे बघत बसायचो रे. तुला दिसत होतं ना?"

टिवल्याने मान डोलावली. दिसत होतं, ताईने सांगितल्यापासून तर नक्कीच.

"त्या घरी मी हाताचा दोष म्हणून सांगून आलोय. आता तू जा. काय खरं ते सांग त्यांना."

"ते मला मारतील."

"मारू देत." भाऊजींनी झाकण परत लावलं.

ड्रायव्हर गाडी न्यायला आला होता. त्याने पुढचं दार उघडलं, टिवल्याकडे आणि मग मागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "पुढे बसतोस की मागे?"

एवढा आयता विनोद टिवल्याकडे कुणी टाकला नव्हता. तो मुकाट्याने पुढे बसला. गाडी चढ चढली, तापली, तरी इंजिनाची टिकटिक नाही की धडधड नाही. सुरुवात कशी करायची याच्या त्याने मनात दहा तऱ्हा करून बघितल्या. प्रत्येक तऱ्हा चेष्टेसारखीच ऐकू येत होती. तेवढ्यात घर आलं आणि थोरला लेक दारातच उभा होता.